पाहणारा चोर नव्हे, वाटणारा कोण?

ऑगस्ट २०१६मध्ये देशातील अनेक घरांतल्या संगणकांवर एक इशारा झळकू लागला. रोखलेल्या संकेतस्थळावरील अनधिकृत प्रत नुसती पाहणे हाही गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षे कैद व ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. कर्जत-खालापुरात घरची जोडणी बहुधा वडिलांच्या नावावर असते. तिथे अशा एका वाक्याने घराची झोप उडते, हे आम्ही जाणतो.

हा इशारा कायद्यापेक्षा धमकीच अधिक होता. त्याच महिन्यात 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की गुन्हा पाहण्यात नाही. तो परवानगीवाचून केलेल्या हानिकारक वितरणात, जाहीर प्रदर्शनात, विक्रीत वा भाड्याने देण्यात आहे. १९५७च्या कायद्याच्या ६३व्या कलमातही दंडाची कमाल मर्यादा २ लाखांचीच आहे.

मग खरी गोष्ट कोणी सांगायची? टॉरेंटवरून चित्रपट उतरवताना आपला संगणक त्याचे तुकडे त्याच वेळी इतरांना पुरवत असतो. घेणारा नकळत वाटणारा होतो, आणि जोडणीचा पत्ता सर्वांना दिसत असल्याने इशारा थेट घरी येतो. हे चार ओळींत समजावता आले असते. तसे न करता भीती घातली गेली. भीतीने कायदा कळत नाही. फक्त लपवणे शिकले जाते.

परंतु आम्ही साहित्याचे अध्यापक तरी कुठे निर्मळ आहोत? खालापूर तालुक्यात नितीन देसाईंनी उभारलेल्या चित्रनगरीतला सुतार आणि रंगारी आमच्या डोळ्यांसमोर आहे; म्हणून चित्रपटाची चोरी आम्हांला चोरी वाटते. हयात कवीचा अख्खा संग्रह मात्र आम्ही व्हॉट्सॲपवर 'वाचनप्रसार' म्हणून बिनदिक्कत धाडतो. कायद्याला अभिप्रेत असलेले वितरण ते हेच!

अध्यापनाला कायद्याने मोकळीक दिली आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्यही केली. पण अभ्यासक्रमापुरते उतारे देणे वेगळे आणि बाजारात मिळणारी कादंबरी शेकडो जणांना फुकट वाटणे वेगळे. हा विवेक वर्गात शिकवायचा असतो. आम्ही तो शिकवलेला नाही.

परिणामी आमचा विद्यार्थी दोन्हींकडून नागवला जातो. बाजारातून नाहीसे झालेले पुस्तक त्याला हवे असते आणि मुंबईचे ग्रंथालय लोकलने दोन तासांवर असते. साने गुरुजींचे लेखन मृत्यूनंतरची ६० वर्षे उलटल्यामुळे १ जानेवारी २०११पासून सर्वांचे झाले आहे, हेही त्याला कोणी सांगत नाही. जे त्याच्या हक्काचे आहे, ते तो चोरट्यासारखे उतरवतो. आणि जे दुसऱ्याच्या कष्टाचे आहे, ते त्याचे गुरुजनच त्याच्या हाती ठेवतात.

पडद्यावरच्या धमकीचा निषेध आम्ही जरूर करू. त्याआधी आपल्या भ्रमणध्वनीतला तो काव्यसंग्रह पुढे धाडणे थांबवू, आणि दुकानात जाऊन विकत घेऊ.