बालकाची निद्रा आणि वजनदार पांघरूण

डोंबिवलीत रुळांलगतच्या घरांत शेवटची लोकल गेल्यावरच शांतता उतरते. एखाद्या स्वमग्न बालकाला मात्र त्यानंतर पंख्याची घरघर वा जिन्यातील दिव्याची तिरीपही सोसवत नाही. मग थकलेले आईवडील महागडे वजनदार पांघरूण मागवतात.

ब्रिटनमध्ये ५ ते १६ वर्षांच्या ६७ स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. अशा पांघरुणाने झोपेचा काळ वाढला नाही. तरीही मुलांनी व पालकांनी साध्या पांघरुणापेक्षा त्यालाच पसंती दिली. म्हणजे त्यातून दिलासा मिळतो, अधिक झोप नव्हे.

म्हणून ठाणे-कल्याणच्या दमट हवेत आधी जाड पडदा, मऊ सुती कपडे, निजण्याची ठरलेली वेळ आणि रोजचा तोच क्रम सांभाळावा. मुलाला अंगावरचा दाब आवडत असेल, तर थेरपिस्टचा सल्ला घ्यावा. अगदी लहान किंवा पांघरूण स्वतः दूर सारू न शकणाऱ्या मुलावर ते घालू नये. डोके तर कधीच झाकू नये. घोरणे वा आकडी असल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

आणि हे जागरण एकट्या आईचे नसावे. घरातील सर्वांनी पाळी वाटून घ्यावी.