खजिना हातचा जातो, तरी प्रेक्षक हसतो

शाळांना सुट्टी लागली की घरोघर एक प्रश्न उभा राहतो. आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावा, असा चित्रपट कोणता? वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. आज प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आलेला आहे. एका खोलीत चार माणसे शेजारी बसून चार निरनिराळी चित्रे पाहत आहेत, हे दृश्य भोपाळात काय अन् मुंबईत काय, सारखेच. आपल्या शहरात ‘भोपाळ टॉकीज’ हे नावसुद्धा आता चित्रपटगृहापेक्षा चौकाचा पत्ता सांगतानाच अधिक उच्चारले जाते. अशा काळातही एका जातीचा चित्रपट सर्वांना एकाच पडद्यापुढे आणून बसवतो. कोठेतरी दडवलेले धन, त्याचा अर्धवट ठावठिकाणा, त्याच्या मागे लागलेले दोन-चार लुच्चे, आणि त्या साऱ्या धांदलीत एकमेकांशी भांडता भांडता प्रेमात पडणारे एक जोडपे. एवढे साहित्य असले म्हणजे घरातील कोणीही उठून जात नाही.

हा प्रकार आपण परदेशातून आणला, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नव्हे. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १८८८ साली प्रसिद्ध झाली. खत्री यांनी काशीजवळच्या चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका घेतला होता. तेथील पडक्या वास्तूंतून हिंडताना त्यांच्या मनात तिलिस्माची, म्हणजे मायावी रचनेच्या आड दडलेल्या खजिन्याची कल्पना रुजली. राजकुमार वीरेंद्रसिंह आपल्या प्रियतमेसाठी तो तिलिस्म फोडतो. वेषांतरात पटाईत असलेले ऐयार या कथेत एकमेकांना असे काही बनवतात की वाचकाची हसून पुरेवाट होते. प्रेम, साहस, धन आणि विनोद हे चारही घटक त्यात आहेत. ही कादंबरी वाचता यावी म्हणून कित्येक जण हिंदी शिकले, असे सांगतात. पुढे १९९४ साली दूरदर्शनने तिच्यावरील मालिका दाखवली, तेव्हा त्यातील क्रूरसिंहाची नक्कल शाळेतील प्रत्येक पोर करीत असे. आपल्या मराठीतही गो. ना. दातार यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी दोन पिढ्यांची झोप उडवली होती.

चित्रपटांत शोधू लागलो, तर फार दूर जाण्याचे कारण नाही. इटारसीमार्गे गाडीत बसावे आणि खांडव्याला उतरावे. किशोरकुमार यांचा जन्म तेथलाच, १९२९ सालचा. त्यांचे ज्येष्ठ बंधू अशोककुमार यांचे बालपणही तेथेच गेले. १९६२ सालच्या ‘हाफ तिकीट’ या चित्रपटात किशोरकुमारांनी एका श्रीमंत बापाच्या उनाड मुलाचे काम केले आहे. घर सोडून मुंबईला जाण्यास पूर्ण तिकिटाचे पैसे नाहीत; तेव्हा हा धिप्पाड मनुष्य लहान मुलाचा वेष घेऊन अर्ध्या तिकिटावर निघतो. चोरीचा एक हिरा घेऊन निघालेला बदमाश, म्हणजे प्राण, तो हिरा या ‘मुन्ना’च्या कपड्यांत दडवतो. मुन्नाला त्याचा पत्ताही नाही! पुढचा सारा चित्रपट म्हणजे त्या हिऱ्यामागची पळापळ, आणि त्या पळापळीत मधुबालेशी जुळणारे प्रेम. या दोघांचा विवाह १९६० साली झालेला होता आणि ती तेव्हाच हृदयविकाराने ग्रस्त होती. पडद्यावरील तिचे हास्य पाहताना हे आठवले की क्षणभर मन कातर होते. आता चित्रपट पाहून झाल्यावर घरातील कोणालाही विचारावे, की अखेरीस त्या हिऱ्याचे काय झाले? दहांपैकी नऊ जणांना सांगता येणार नाही. मुन्नाचे बोबडे बोल मात्र दहाही जण म्हणून दाखवतील.

दहा वर्षांनी, १९७२ साली, थोरल्या बंधूंनीही असाच एक खेळ मांडला. ‘व्हिक्टोरिया नं. २०३’ या चित्रपटात अशोककुमार आणि प्राण हे दोन म्हातारे चोर तुरुंगातून सुटतात. आता सन्मार्गाने राहावे, असा त्यांचा विचार असतो. पण चोरीचे हिरे कोठेतरी लपलेले आहेत, अशी कुणकुण लागते आणि विचार बारगळतो. हिरे एका घोडागाडीच्या दिव्यात आहेत, आणि ती गाडी चालवते आहे पुरुषवेषातील सायराबानू. कारण तिचा निरपराध बाप गजाआड आहे. दिवा रोज डोळ्यांसमोर लोंबतो आहे आणि सगळे जग मात्र गाडीचा कानाकोपरा धुंडाळते आहे. प्राण यांनी रंगवलेल्या त्या चोराला आपला लहानपणी हरवलेला मुलगा शेवटी सापडतो. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते ते त्या भेटीने. हिरे सापडल्याने कोणाचा कंठ दाटून आल्याचे ऐकिवात नाही.

माझ्या मते या चित्रपटांच्या दीर्घायुष्याचे मर्म येथे आहे. खजिना हे निमित्त असते. त्याच्या निमित्ताने एक भित्रा, एकाकी किंवा बिघडलेला मनुष्य घराबाहेर पडतो, आणि कोणातरी दुसऱ्याची सोबत मिळाल्यामुळे परत येताना वेगळा होऊन येतो.

अमेरिकेतील १९८४ सालचा ‘रोमान्सिंग द स्टोन’ हा या जातीचा अलीकडचा आदर्श मानतात. त्याची नायिका प्रेमकथा लिहून पोट भरणारी, पण स्वतः घराबाहेर फारशी न पडणारी लेखिका आहे. बहिणीच्या सुटकेसाठी तिला एक नकाशा घेऊन कोलंबियात जावे लागते. चुकीच्या बसमध्ये बसते, चिखलाच्या लोंढ्यातून घसरत जाते. ज्या नायकाने तिला मदत करायची तो तर तिच्या उंच टाचांच्या बुटांच्या टाचाच छाटून टाकतो! अखेर तो पाचू एका मगरीच्या पोटात जातो, आणि नायक परत येतो तो त्याच मगरीच्या कातड्याचे बूट पायांत घालून व दोघांसाठी एक शिडाची नौका घेऊन. पाचू पाचू म्हणून उरतच नाही. ही कथा लिहिणाऱ्या डायन थॉमस त्या वेळी मालिबू येथील एका उपाहारगृहात वाढपिणीचे काम करीत होत्या. कथा विकली गेली, चित्रपट गाजला, आणि पुढच्याच वर्षी, १९८५ साली, मोटार-अपघातात त्यांचा अंत झाला. २०२२ सालच्या ‘द लॉस्ट सिटी’ या चित्रपटात पुन्हा एक प्रेमकथा-लेखिका खजिन्यापायी अरण्यात सापडते, यावरून थॉमस यांनी पाडलेली वाट अजून मोडलेली नाही, हे दिसते.

येथे एखादा विचारी वाचक आक्षेप घेईल. फुकटच्या धनाची हाव मुलांच्या मनात उतरवणारे हे चित्रपट आपण घरात का दाखवावेत? आक्षेप वजनदार आहे, कारण गुप्तधनाची हाव ही आपल्याकडे निव्वळ कथेतली गोष्ट नाही. तिच्यापायी मांत्रिकांच्या नादी लागून कुटुंबे धुळीस मिळाली आहेत. नरबळीसारखी घोर कृत्येही घडली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. धनाच्या शोधासाठी केले जाणारे अघोरी प्रकारही त्यात गुन्हा ठरवलेले आहेत. या हावेचे भयानक रूप पाहायचे असेल, तर राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’ पाहावा. कोकणातील एका वाड्यात गाडलेले सोने, ते रात्री-अपरात्री उपसणारा बाप, आणि बापाकडून तीच विद्या शिकणारा लहान मुलगा. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक लोकांनी तिकिटे काढली. लहान मुलांना तो दाखवू नये. मोठ्यांनी अवश्य पाहावा.

परंतु ‘तुंबाड’ आणि ‘हाफ तिकीट’ यांतील भेद ध्यानात घ्या. पहिल्यात कोणी हसत नाही. धनाचा लोभ जेथे गंभीर होतो, तेथे मनुष्य राक्षस होतो. जेथे त्याच्यावर हसता येते, तेथे त्याची नांगी मोडते. स्टॅन्ली क्रेमर यांच्या १९६३ सालच्या ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’ या चित्रपटात साडेतीन लाख डॉलरांच्या मागे सभ्य नागरिकांचा एक जथा वेड्यासारखा धावतो. शेवटी ते पैसे भर शहरात वाऱ्यावर उडून जातात आणि हे सारे मोडलेले हातपाय घेऊन रुग्णालयात पडतात. तेथे केळीच्या सालीवरून एक बाई घसरते, आणि हे दुखऱ्या अंगानिशी पोट धरून हसू लागतात. हिंदीत २००७ साली आलेल्या ‘धमाल’ची कल्पना यावरूनच सुचलेली. त्यातील धन गोव्यात पुरलेले आहे, आणि शेवटी ते अनाथ मुलांच्या पदरी पडते. प्रणयाचा भाग त्यात नाममात्र आहे आणि विनोदही बराच भडक आहे. तथापि लोभाची टर उडवण्यात तो मूळ चित्रपटाशी इमान राखतो.

जाता जाता एक सांगतो. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याकडे वर्दी दिली पाहिजे. इतके चित्रपट पाहिले, पण नायक-नायिका हातात हात घालून कलेक्टर-कचेरीची पायरी चढताना मला अद्याप दिसलेले नाहीत.

ख्रिस्तप्रभूच्या दृष्टांतातही शेतात लपवलेला ठेवा सापडणारा एक मनुष्य आहे, हे आपल्या वाचकांना सांगणे नलगे. मला त्यात नेहमी नवल वाटते ते त्याच्या आनंदाचे. तो मनुष्य ठेवा घेऊन पळत नाही; आनंदाच्या भरात आधी आपले होते-नव्हते ते विकतो आणि शेत विकत घेतो. पडद्यावरचे ते दोन म्हातारे चोर अशा सौद्यापुढे थक्कच झाले असते.

या चित्रपटांत दोष नाहीत असे मात्र नाही. त्यांपैकी एक मला विशेष खटकतो. साहसाला परका प्रदेश लागतो, आणि परक्या प्रदेशातील माणसे मग एक तर दरोडेखोर ठरतात, नाही तर विदूषक. १९८४ सालच्याच ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ या चित्रपटात आपल्या देशातील राजवाड्यात माकडांच्या मेंदूची मेजवानी दाखवली आहे. येथे चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून ती मंडळी श्रीलंकेला गेली. अमरीश पुरींसारखा समर्थ नट त्यात पुजाऱ्याचे काम करतो. ते पाहून कौतुक आणि खेद दोन्ही एकदम वाटतात. स्वतःच्या लोभाला हसणे निराळे आणि दुसऱ्याच्या ताटाला हसणे निराळे. मुलांबरोबर चित्रपट पाहताना वडील मंडळींनी अशा ठिकाणी मौन धरू नये.

परका प्रदेश खरोखरीच लागतो काय? आपल्या कमला पार्कापाशी राणी कमलापतीचा महाल उभा आहे. त्याच्या सात मजल्यांपैकी पाच तलावाच्या पाण्याखाली आहेत, अशी आख्यायिका पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. आणि आख्यायिका नको असेल, तर घडलेली हकीकत आहे. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने भोपाळकडे येत होते. खिडकीतून त्यांना दूरच्या टेकडीवर काही विलक्षण आकाराचे खडक दिसले. युरोपात आपण पाहिलेल्या चित्रित गुहांचे खडक असेच होते, हे त्यांना आठवले. त्यांनी जाऊन शोध घेतला, आणि भीमबेटका जगाला ठाऊक झाले. सातशेहून अधिक शैलाश्रय, आणि त्यांच्या भिंतींवर आदिमानवाने रंगवलेली हरणे, हत्ती, नाचणारी माणसे! २००३ साली युनेस्कोने त्यांची जागतिक वारशात गणना केली. भोपाळपासून ते अवघ्या पंचेचाळीस किलोमीटरांवर आहे. नीमचच्या एका मराठी मनुष्याने गाडीच्या खिडकीतून हेरलेला हा ठेवा कोणालाही खिशात घालून नेता आला नाही. म्हणूनच तो आजही आपण मुलांना दाखवू शकतो. या हकीकतीवर कोणी एक प्रसन्न, खेळकर चित्रपट काढावा, असे मला फार दिवस वाटते.

तो निघेपर्यंत या सुट्टीत ‘हाफ तिकीट’ने आरंभ करावा. चित्रपट रंगीत नाही, म्हणून मुले प्रथम कुरकुरतील. अर्ध्या चड्डीतला किशोरकुमार आगगाडीत शिरेपर्यंत त्यांना कसेही करून बसवून ठेवा.