फुटलेला उपग्रह जातो कुठे?

१९७९ साली अमेरिकेने एक उपग्रह आकाशात सोडला. त्याचं नाव 'सोलविंड'. खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी चंद्राच्या काळ्या चकतीभोवती एक तेजस्वी वलय दिसतं ना, ते सूर्याचं प्रभामंडल. एरवी सूर्याच्या झगमगाटात ते दिसत नाही. सोलविंडच्या दुर्बिणीपुढे एक छोटीशी चकती बसवली होती. ती सूर्याला झाकायची आणि प्रभामंडल दिसू लागायचं. म्हणजे या उपग्रहाला रोजच खग्रास ग्रहण! सूर्याच्या अगदी जवळ जाऊन नाहीसे होणारे काही धूमकेतूही त्याच्या चित्रांमध्ये सापडले.

१३ सप्टेंबर १९८५ रोजी एका लढाऊ विमानाने उंच झेप घेतली, एक क्षेपणास्त्र सोडलं आणि सोलविंडच्या ठिकऱ्या उडवल्या. विमान शत्रूचं नव्हतं बरं का! अमेरिकेचंच होतं. आपलं नवं अस्त्र उपग्रहावर नेम धरू शकतं की नाही, हे त्यांना पाहायचं होतं. उपग्रह जुना झाला होता, त्याची काही उपकरणं थकली होती. पण सूर्याची चित्रं अजून येत होती. त्या दिवसापासून ती बंद झाली.

उपग्रह 'पाडला' असं आपण सहज म्हणून जातो. पण झाडावरची कैरी दगड मारून पाडली की ती खाली येते. उपग्रह फोडला तर तो खाली येत नाही. मग जातो कुठे?

कुठेच नाही! तो तिथेच फिरत राहतो, फक्त एकाऐवजी शेकडो तुकड्यांच्या रूपाने. उपग्रह वर टिकतो तो सतत चालणाऱ्या इंजिनामुळे नव्हे, तर त्याच्या वेगामुळे. पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर असतो. या वेगाने मुंबईहून निघालात तर वीस सेकंदांत पुणं! उपग्रह फुटला तरी त्याच्या प्रत्येक तुकड्याजवळ जवळजवळ तेवढाच वेग शिल्लक असतो. एखादा स्क्रू, पत्र्याची चकती, तारेचा तुकडा, सगळे बंदुकीच्या गोळीच्या सात-आठ पट वेगाने घोंघावत राहतात. घोंघावतात म्हटलं खरं, पण तिथे आवाज कसला? हवा जवळजवळ नाहीच.

जी अगदी विरळ हवा असते, तीच या तुकड्यांचा वेग हळूहळू कमी करते. मग ते खाली खाली येतात आणि दाट हवेत जळून जातात. पण यात किती काळ जाईल ते उंचीवर ठरतं. तीनशे किलोमीटरवरचे तुकडे बहुधा काही महिन्यांत संपतात. सोलविंड साडेपाचशे किलोमीटरवर होता. त्याचे २८५ तुकडे मोजले गेले आणि त्यांतला शेवटचा जळाला २००४ साली. म्हणजे स्फोटाच्या वर्षी पहिलीत गेलेला मुलगा तोपर्यंत नोकरीलाही लागला असेल! चीनने ११ जानेवारी २००७ रोजी आपलाच एक जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरहून जास्त उंचीवर फोडला. त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे मोजले गेले. त्यांतले पुष्कळसे आजही डोक्यावर फिरताहेत आणि तुमची नातवंडं शाळेत जातील तेव्हाही काही फिरत असतील.

आता आपल्या घरची गोष्ट. २७ मार्च २०१९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून भारताने क्षेपणास्त्र सोडलं आणि सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरचा आपलाच एक उपग्रह अचूक टिपला. इतक्या वेगाच्या वस्तूवर नेम धरायचा म्हणजे गणित किती काटेकोर हवं, विचार करा. अमेरिका, रशिया, चीन आणि चौथा भारत. वर्गात टाळ्या पडल्या असतील आणि त्यात काही चूक नाही. कचरा लवकर जळावा म्हणून आपण मुद्दाम कमी उंची निवडली होती. बहुतेक तुकडे लवकर जळालेही. पण धडकेने काही तुकडे वरच्या दिशेला उडाले. चारशे किलोमीटरवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आहे. चोवीस तुकडे त्याच्याही वरपर्यंत जाताहेत, असं अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने सांगितलं. काही तुकडे वर्षाहून अधिक काळ टिकले. तुम्ही कितीही काळजी घ्या, फुटणाऱ्या वस्तूला कुठे जा ते सांगता येत नाही. घरात काचेचा पेला फुटला की आई चप्पल घालायला लावते ती काय उगीच?

या प्रयोगानंतर सव्वा महिन्याने, ३ मे २०१९ रोजी, त्याच ओडिशात पुरीजवळ 'फनी' नावाचं चक्रीवादळ येऊन धडकलं. हे बांगलादेशाने दिलेलं नाव, अर्थ फणा असलेला साप. याच किनाऱ्यावर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं दगावली होती. फनीच्या वेळी ओडिशात गेलेल्यांचा आकडा शंभराच्या आत राहिला. का? वादळ समुद्रात तयार होत असल्यापासून आपले हवामान उपग्रह त्याच्यावर डोळा ठेवून होते. ते कुठे वळतंय, कधी पोचेल, हे आधी कळलं आणि सुमारे बारा लाख लोकांना सुरक्षित जागी हलवता आलं. अर्थात नुसत्या उपग्रहाने माणसं वाचत नाहीत. निवारे बांधावे लागतात, घरोघरी जाऊन आजी-आजोबांना हाताला धरून न्यावं लागतं. पण वादळ येतंय हे आधी कळायला हवं ना!

तुम्ही म्हणाल, "शत्रूने आपले उपग्रह फोडले तर? आपल्याकडे अस्त्र नको का?" प्रश्न योग्य आहे. मोठी माणसंही यावर वाद घालतात. मला मात्र एक अडचण दिसते. तुकडे झेंडा बघून धडकत नाहीत. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने आपला जुना, सुमारे दोन टनांचा उपग्रह फोडला. दीड हजारांहून अधिक तुकडे झाले. अवकाश स्थानकात तेव्हा सात जण होते. झोपेतून उठवून त्यांना सांगण्यात आलं, दारं बंद करा आणि परतीच्या यानांत जाऊन बसा. धडक बसलीच तर थेट पृथ्वीकडे निघायची तयारी. कचऱ्याचा तो पट्टा दर दीड तासाने आडवा येत होता. आणि यानांत श्वास रोखून बसलेल्यांपैकी दोघे रशियाचेच अंतराळवीर होते!

याला कायदा नाही का? आहे, पण त्याला मोठी फट आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर चारशे किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला. चौदाशे किलोमीटर दूरच्या हवाई बेटांवर रस्त्यांवरचे दिवे गेले. दुसऱ्याच दिवशी सोडलेला, अटलांटिकपार दूरदर्शनची चित्रं पोचवणारा 'टेलस्टार' उपग्रह त्या किरणोत्सर्गाने आजारी पडला आणि काही महिन्यांत बंद झाला. जग हादरलं. १९६३ साली अवकाशातल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. १९६७ च्या अवकाश करारात ठरलं, की महासंहारक अस्त्रं पृथ्वीभोवती फिरत ठेवायची नाहीत आणि चंद्रावर लष्करी तळ उभारायचा नाही. पण साध्या क्षेपणास्त्राने उपग्रह फोडण्याबद्दल त्यात बंदी नाही. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांत ठराव आला, की असे प्रयोग यापुढे करू नयेत. १५५ देश बाजूने, ९ विरुद्ध, ९ तटस्थ. रशिया आणि चीन विरुद्ध होते, भारत तटस्थ. नुसती वचनं नकोत, सगळ्यांना बांधील असा करार हवा, अशी भारताची भूमिका आहे. ती मला पटते. पण असा करार अजून झालेला नाही.

होणारच नाही, असं मात्र समजू नका. अमेरिका आणि रशिया, म्हणजे तेव्हाचा सोव्हिएत संघ, एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसले होते तेव्हाची गोष्ट. त्याच काळात या दोघांनी कॅनडा आणि फ्रान्सला बरोबर घेऊन एक योजना आखली. विमान कोसळलं किंवा जहाज बुडू लागलं, तर त्याच्यातल्या छोट्या यंत्राची हाक उपग्रहाने ऐकायची आणि जमिनीवर कळवायची. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडाच्या डोंगराळ भागात एक लहान विमान कोसळलं. तिघे जण जखमी अवस्थेत अडकले. त्यांची हाक ऐकली ती सोव्हिएत उपग्रहाने, आणि तिघेही वाचले. ही सेवा आजही चालू आहे आणि भारतही तिच्यात आहे.

पावसाळा संपून आकाश निवळलं की एक काम करा. सूर्यास्तानंतर तासाभराच्या आत गच्चीवर किंवा अंगणात जा. अवकाश स्थानक तुमच्या गावावरून कधी जाणार, हे नासाच्या संकेतस्थळावर मिळतं. आई-बाबांना शोधायला सांगा. साधारणपणे पश्चिमेकडून एक ठळक ठिपका वर येईल. तो लुकलुकणार नाही, लाल-हिरवा दिवाही नसेल. चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून तो पृथ्वीच्या सावलीत विझल्यासारखा नाहीसा होईल. २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशू शुक्ला त्याच ठिपक्यात राहून आले. थोडा वेळ थांबलात तर आणखी मंद ठिपके सरकताना दिसतील. त्यांतले काही चालू उपग्रह असतील आणि काही कधीच बंद पडलेले. कोणता कुठला, ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. पण किती दिसले ते मोजा आणि आम्हाला नक्की कळवा.