शिडीची खालची पायरी

२०२३च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, त्यामुळे तिचा दिवस ठरलेलाच होता. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, जुन्या चित्रपटांतली दृश्ये आठवून झाली, निदान एक तरी टॅक्सी जतन करा अशी मागणीही झाली. हे सगळे योग्यच होते. पण त्याच वर्षी एप्रिलच्या तोंडावर आणखी एक गाडी गेली आणि तिच्यासाठी कोणी फारसे हळहळले नाही. ती म्हणजे ऑल्टो ८००. प्रदूषणाचे नवे निकष लागू होत होते, त्यांत तिला बसवण्याचा खर्च कंपनीच्या गणितात बसेना, म्हणून तिचे उत्पादन थांबले. मला विचाराल, तर या दोन बातम्यांत मोठी बातमी दुसरी. पद्मिनी गेली तेव्हा एक आठवण गेली. ऑल्टो ८०० गेली तेव्हा कित्येक कुटुंबांची अजून घ्यायची असलेली गाडी गेली.

सामान्य माणसाची मोटार ही कल्पना आपल्याकडे तशी फार जुनी नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडू लागली. परंतु परवान्यांच्या त्या राज्यात गाड्या मोजक्याच बनत आणि नंबर लागायला वर्षे जात. डॉक्टर, वकील, कारखानदार आणि टॅक्सीवाले यांच्यापलीकडे मोटार फारशी पोचली नव्हती. ती पोचली १४ डिसेंबर १९८३ नंतर. त्या दिवशी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाला मिळाली. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. दहा हजार रुपये भरून नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची, असा तो व्यवहार. तरी लाखावर लोकांनी नोंदणी केली.

त्या गाडीत होते तरी काय? ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, चार गिअर, बारा इंची चाके आणि सगळे मिळून साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. सकाळी चोक ओढायचा, एक-दोनदा किल्ली फिरवायची, की गाडी सुरू. तालुक्याच्या गावातला कोणताही मिस्त्री प्लग काढून, पॉलिश पेपरने घासून ती पुन्हा मार्गी लावत असे. या साधेपणात अप्रतिष्ठा नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. ८०० घेणारा माणूस गरीब समजला जात नसे. तो वर चढणारा माणूस होता. दारात पांढरी मारुती उभी राहिली, की गल्लीत पेढे वाटले जात.

मी बँकेत अधिकारी असताना बरीच वर्षे कर्जाच्या टेबलावर होतो. नव्वदच्या दशकात बँका वाहनकर्जाकडे जरा मोकळ्या मनाने पाहू लागल्या, तेव्हा टेबलासमोर येणारी माणसे डोळ्यांपुढे आहेत. दोघेही शिक्षक असलेले जोडपे, विमा कंपनीतले विकास अधिकारी, पाटबंधारे खात्यातले कारकून. त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘गाडी कितीला पडेल?’ व्याजदर आजच्या मानाने फार चढे होते, त्यामुळे कर्ज शक्य तेवढे कमी आणि शक्य तेवढ्या लवकर फिटणारे हवे असे. भविष्यनिर्वाह निधीतून थोडे, बायकोच्या भिशीतून थोडे आणि उरलेले बँकेचे, अशी जुळणी करून माणूस येई. नंतरच्या वर्षांत हा प्रश्न हळूहळू बदलला. समोर बसलेला तरुण विचारू लागला, ‘हप्ता किती बसेल?’ वरवर पाहता दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात. पण साधी गाडी मागे का पडली, याचे एक उत्तर या बदलात आहे.

हिशेब करून पाहा. नऊ टक्के व्याजाने चार लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये बसतो. मुदत सात वर्षे केली, तर जवळपास तेवढ्याच हप्त्यात, ८,०५० रुपयांत, पाच लाखांचे कर्ज मिळते. म्हणजे खिशाला जास्त झळ न लागता लाखभर रुपयांची मोठी गाडी दारात येते. पहिल्या कर्जाचे एकूण व्याज सुमारे ९८ हजार, दुसऱ्याचे पावणेदोन लाख, हे त्या वेळी कोणी विचारत नाही. शोरूमच्या विक्रेत्याला मोठी गाडी विकायची असते. बँकेचेही तसेच आहे. छोट्या कर्जाला कागदपत्रे, तपासणी आणि सह्या मोठ्या कर्जाइतक्याच लागतात, मिळकत मात्र कमी. अशा रीतीने ज्याला वर सरकणे शक्य होते, तो वर सरकला. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यांतल्या ६५ टक्के उंच बांध्याच्या, एसयूव्ही म्हणवणाऱ्या वर्गातल्या होत्या. ज्या ऑल्टोने २००४-०५पासून दशकाहून अधिक काळ खपात पहिला क्रमांक सोडला नव्हता, तिच्या देशात हे घडले.

ज्याला वर सरकणे शक्य नव्हते, त्याचे काय झाले? एप्रिल २०१९ मध्ये सुधारित ऑल्टो ८००ची शोरूममधली किंमत २ लाख ९३ हजारांपासून सुरू होत होती. २०२३ मध्ये ती बंद झाली तेव्हा ३ लाख ५४ हजार झाली होती आणि तिच्यानंतर उरलेली सर्वांत स्वस्त ऑल्टो, म्हणजे के१०, चार लाखांच्या घरात होती. चार वर्षांत खालची पायरी एक लाखाने वर गेली. त्याआधी सप्टेंबर २०१८पासून नव्या गाडीचा तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम भरणे बंधनकारक झाले होते. मग एबीएस आले, एअरबॅग आल्या, २०२० मध्ये बीएस-६ आले. यातली प्रत्येक गोष्ट आवश्यक होती, यात मला शंका नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत ऑल्टो ८०० आणि नॅनो या दोघींनाही शून्य तारे मिळाले होते. जुन्या गाडीचे गोडवे गाताना तिचा पत्रा आणि आपली हाडे यांच्यात फारसे अंतर नव्हते, हे विसरून चालणार नाही.

पण ठरावीक खर्चाचा एक नियम आहे. एअरबॅग तीन लाखांच्या गाडीत बसवा की पंधरा लाखांच्या, तिचा खर्च गाडीच्या किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. बँकेच्या कागदपत्रांसारखेच हे. मोठ्या गाडीत तो खर्च दिसतही नाही, छोट्या गाडीचे मात्र कंबरडे मोडतो. त्यातच या गाडीचा नेहमीचा गिऱ्हाईक बदलला. ८००च्या कर्जामागे खरे तारण गाडीचे नव्हतेच. ते कायम नोकरीचे होते. आज त्याच वयाचा तरुण शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर असतो किंवा अकरा महिन्यांच्या करारावर कुठल्याशा कंत्राटदाराकडे कामाला असतो. त्याचा पगार कदाचित हप्त्यापुरता असेल, पण पुढच्या वर्षी तो असेल याची खात्री त्याला नाही आणि बँकेलाही नाही. सात वर्षांचा हप्ता त्याने कशाच्या जोरावर कबूल करावा?

एका प्रयत्नाचा इथे उल्लेख करायलाच हवा. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना लाखाच्या गाडीची कल्पना सुचली, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितले होते. जानेवारी २००८ मध्ये नॅनो लोकांपुढे आली, पुढच्या वर्षी बँकांमार्फत दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. मग सिंगूरचा कारखाना साणंदला हलवावा लागला, उशीर झाला, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. पण मोठा घाव घातला तो ‘सर्वांत स्वस्त’ या विशेषणाने. तशी जाहिरात व्हायला नको होती, हे टाटांनीही नंतर बोलून दाखवले. ८०० आणि नॅनो यांच्यामधल्या पंचवीस वर्षांत आपण बदललो होतो. साधेपणाला गरिबी म्हणायला शिकलो होतो. ज्याच्यासाठी गाडी केली, त्यालाच ती दारात उभी करायची लाज वाटावी, अशी हवा आपण तयार केली. २०१८ नंतर नॅनो बनलीच नाही.

या सगळ्याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. २०२४-२५ मध्ये दुचाकी विकल्या गेल्या सुमारे १ कोटी ९६ लाख. तालुक्याच्या ठिकाणी संध्याकाळी उभे राहून पाहा, पुढे टाकीवर मुलगा, मागे पत्नी आणि तिच्या मांडीवर धाकटी. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. गाडीतल्या माणसाला किती एअरबॅग असाव्यात यावर आपण वाद घालतो. ज्याला गाडीच घेता आली नाही, त्याला एकही नाही. सुरक्षेचा नियम करताना गाडीबाहेर राहिलेल्या या कुटुंबाचीही बेरीज धरायला नको का?

त्याच्यापुढे उरते जुनी गाडी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२पासून ५,००० झाले आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झाले. धूर ओकणारी खटारा रस्त्यावर नको, हे मान्य. पण नीट राखलेली, वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणारी गाडी आणि रोज दोनशे किलोमीटर पळणारी गाडी यांना एकच माप लावण्यात शहाणपण नाही. माप वयाचे नको, धुराचे आणि ब्रेकचे हवे.

मार्ग नाहीत असे नाही. ज्या जपानमधून आपली ८०० आली, तिथे छोट्या गाड्यांचा ‘केई’ हा वर्ग कायद्यानेच आखून दिलेला आहे. इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी-रुंदी ठरलेली आणि त्या बदल्यात कर कमी. त्या गाड्यांत सुरक्षेची साधनेही असतात, आणि तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांत त्यांचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. आपल्याकडेही २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी तो उपकरासह २९ टक्के आणि त्याहून अधिक होता. सहा एअरबॅग असलेली ऑल्टो के१० त्या वेळी ३ लाख ७० हजारांपर्यंत उतरली आणि त्या दसरा-दिवाळीत छोट्या गाड्यांची मागणी वाढली. म्हणजे गिऱ्हाईक संपलेला नव्हता, तो दाराबाहेर थांबला होता.

अर्थात प्रत्येक घरापुढे मोटार हे काही देशाचे ध्येय होऊ शकत नाही. वेळेवर येणारी, बसायला जागा असलेली एसटी मिळाली, तर टाकीवर मुलाला बसवण्याची वेळ निम्म्या घरांवर येणार नाही. पण गावात शेवटची गाडी संध्याकाळी सातला जाणार असेल आणि रात्री अकराला लेकराला ताप चढला, तर त्या घराला चार चाके आणि डोक्यावर छप्पर हवेच. त्याला सनरूफ नको, मोठा पडदा नको. चांगले ब्रेक, पुरेशी सुरक्षा आणि गावातल्या मिस्त्रीला कळेल असे इंजिन हवे. अशी गाडी बनवणे आपल्या अभियंत्यांना अवघड नाही. ती दारात उभी असताना शेजाऱ्याने नाक मुरडू नये, एवढे मात्र आपल्याला करावे लागेल.