प्रोसेसर बसतो, पण डिस्प्ले येत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले आणि तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे एक नवीच फर्माईश येऊ लागली: "विंडोज अकरा टाकून द्या, लागलाच तर प्रोसेसर बदला." इंटेलचा किमान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो, एवढं गिऱ्हाईकाने कुठेतरी ऐकलेलं असतं. त्याच्याकडे असतो सातव्या जनरेशनचा आय५, एच११० चिपसेटच्या बोर्डावर. सॉकेट एलजीए ११५१. आय५-८४००चा सॉकेटही एलजीए ११५१. सेकंड हॅण्ड ८४०० मागवला जातो, तो खाचेत नीट बसतो, लिव्हर लागतो, पंखाही फिरतो, आणि स्क्रीन काळी. मग रॅम काढून पुसायची, सीएमओएस क्लिअर करायचं, दुसरा एसएमपीएस लावून बघायचा, आणि संध्याकाळी "बोर्ड गेला वाटतं" म्हणून हात टेकायचे. बोर्ड गेलेला नसतो. त्या दोघांचं जमणारच नव्हतं.

डेस्कटॉपसाठी आठवी जनरेशन ऑक्टोबर २०१७मध्ये आली, तेव्हा इंटेलने आय५चे कोअर चारवरून सहावर नेले. जादा कोअरला वीज जादा लागते, म्हणून आधी राखीव असलेल्या काही पिना वीज आणि ग्राउंडकडे वळवल्या. पिनांची संख्या तीच राहिली, कामं बदलली. त्यामुळे ८४००ला ३०० मालिकेचाच चिपसेट लागतो, उदाहरणार्थ एच३१०, बी३६०, बी३६५, झेड३७० किंवा झेड३९०. पिनांवर टेप चिकटवून आणि बायोसमध्ये फेरफार करून हाच प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालवणारे उस्ताद आपल्यात आहेत. घरच्या मशीनवर हौस म्हणून करा. सेवा केंद्राच्या मशीनवर तो उद्योग करून बिल फाडू नका.

हे सगळं माजलगावसारखं तालुक्याचं गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या मिस्त्रीला शंका आली तर शेजारच्या गाळ्यातून दुसरा बोर्ड आणून लावून बघता येतो. माजलगावला रेल्वे नाही. माल छत्रपती संभाजीनगरहून किंवा पुण्याहून एसटी पार्सलने नाहीतर कुरिअरने येतो, आणि चुकला तर परतीचं भाडं आपल्याच खिशातून जातं. सेकंड हॅण्ड प्रोसेसर तर बहुतेक व्यापारी परत घेतच नाहीत. लावून बघण्याची सोय नसलेल्या दुकानदाराने तपासणी ऑर्डरच्या आधी केली पाहिजे, आणि ती तपासणी म्हणजे नुसता सॉकेटचा नंबर जुळवणं नव्हे.

इंटेलच्या दहाव्या आणि अकराव्या जनरेशनला एकच एलजीए १२०० सॉकेट आहे, तरी एच४१० आणि बी४६० चिपसेट अकरावी घेत नाहीत. त्यासाठी एच५१० किंवा बी५६० चालतो. एलजीए ११५०चा एच८१ बोर्ड चौथी जनरेशन चालवतो, पाचवी नाही. एएमडीकडे गंमत उलटी. एएम४ सॉकेट २०१७च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत टिकला, म्हणून ‘एएम४ म्हणजे काहीही चालतं’ असा समज पसरला. बी५५० बोर्डावर रायझन ५ ३६०० चालतो, पण रायझन ३ ३२००जी चालत नाही. नाव ३०००च्या घरातलं असलं तरी ३२००जीचा गाभा आधीच्या पिढीचा आहे. आणि ५६००जीऐवजी दोन पैसे वाचवून नुसता ५६०० मागवलात तर डिस्प्ले येणार नाही, कारण त्यात ग्राफिक्सच नाही. इंटेलमध्ये हेच काम शेवटचा ‘एफ’ करतो. ९४००एफ आणि १२४००एफ ग्राफिक्स कार्डाशिवाय मुके आहेत. ऑफिसच्या मशीनला कार्ड नसतं, आणि यादीतला स्वस्त आकडा बहुधा एफचाच असतो.

तेव्हा पाहायची ती बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची प्रोसेसर सपोर्टची यादी. केबिनेट उघडायच्या आधी ‘एमएसइन्फो३२’ चालवलं की बोर्डाचं नाव आणि बायोसची आवृत्ती समोर येते. पण केबिनेट उघडाच. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला ‘रेव्ह’चा आकडा महत्त्वाचा, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनच्या याद्या वेगळ्या असू शकतात. यादीत प्रोसेसरच्या नावासमोर बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. गडबड बहुतेक वेळा याच रकान्यात होते. एच६१० चिपसेट तेराव्या जनरेशनच्या आधी आला, त्यामुळे कपाटात पडून राहिलेला जुना बोर्ड सीलबंद असला तरी तेरावी-चौदावी ओळखत नाही. बायोस चढवला की ओळखतो.

बायोस चढवायचा तो जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. घाईत जुना आधी विकला जातो, नवा बसवला जातो, आणि मग अपडेटसाठी डिस्प्लेच येत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून फ्लॅश करण्याचं बटण असतं, पण स्वस्तातल्या बोर्डांवर ते क्वचित सापडतं. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ३०० मालिकेसाठी एक सेलेरॉन जी४९०० आणि एएम४च्या जुन्या बोर्डांसाठी एक ॲथलॉन कायम ठेवा. जिथे बदली बोर्ड हाताशी नाही तिथे या दोन चकत्यांइतकं कामाचं हत्यार दुसरं नाही.

फ्लॅश करताना मशीन यूपीएसवर घ्या आणि त्या यूपीएसची बॅटरी आधी खरोखर तपासा. विंडोज ११च्या मशीनवर आणखी एक पायरी आहे. डिस्क एन्क्रिप्ट झालेली असली तर बायोस बदलल्यावर विंडोज बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती गिऱ्हाईकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं कुणी, कोणत्या मोबाइल नंबरवर उघडलं हे गिऱ्हाईकाला आठवत नसतं. आधी बिटलॉकर थांबवा, मग फ्लॅश करा. एएम४च्या जुन्या बोर्डांवर आणखी एक अडचण. त्यांची बायोस चिप बहुधा १६ एमबीची, सगळ्या पिढ्या तिच्यात मावत नाहीत, म्हणून नव्या बायोसमधून काही जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढलेला असतो. अपडेटनंतर जुना प्रोसेसर परत लावून चालेलच असं गृहीत धरू नका.

आता वजनकाट्याकडे वळू. तेलगाव-पवारवाडीच्या साखर कारखान्यांचा हंगाम आणि कापसाच्या जिनिंगची लगबग यांमुळे माजलगाव परिसरातल्या मिस्त्रीला काट्यावरच्या मशीनचं काम टळत नाही. काट्याचा इंडिकेटर वजन पाठवतो ते नऊ पिनांच्या सिरिअल केबलने, आणि सॉफ्टवेअर ते ऐकत असतं कॉम-१वर. पावती निघते डॉट मॅट्रिक्सवर, कित्येकदा अजून पॅरलल पोर्टने. जुन्या एच६१ किंवा एच८१ बोर्डांपैकी अनेकांच्या पाठीमागे हे दोन्ही पोर्ट असतात. मालक म्हणतो, "मशीन हळू चालतंय, नवीन करून टाका." तुम्ही एच६१० बोर्ड आणि बारावी जनरेशन बसवता. प्रोसेसर जमतो, रॅम जमते, विंडोज ११ लागतं. केबल लावायला गेलं की मागे पोर्टच नाही.

अशा वेळी हात जातो यूएसबी-सिरिअल कन्व्हर्टरकडे. बाजारातल्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये प्रॉलिफिकची जुनी किंवा नकली चिप असली तर विंडोज ११चा ड्रायव्हर तिला सरळ नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसतं. चिप अस्सल निघाली तरी कुणी ती काढून दुसऱ्या यूएसबीत खोचली की कॉम-१चा कॉम-५ होऊ शकतो, सॉफ्टवेअरमध्ये वजन शून्य दिसतं आणि बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. त्यापेक्षा बोर्ड निवडतानाच पाहावं. एच६१०च्या बऱ्याच बोर्डांवर ‘कॉम’ लिहिलेलं हेडर असतं. त्यात ब्रॅकेट लावला की खरा कॉम-१ मिळतो. ब्रॅकेटच्या वायरिंगचे दोन प्रकार चालतात, तेव्हा बोर्डाच्या मॅन्युअलमधली पिनांची आकृती पाहूनच घ्या. पॅरललसाठी पीसीआय एक्सप्रेस कार्ड येतं. हे सगळं कोटेशनमध्ये आधी धरलेलं असलं तर वादच होत नाही.

रिफर्बिश्ड ब्रँडेड मशीनबद्दल थोडंसं. डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिस डेस्कटॉपांत पॉवर कनेक्टर बहुधा त्यांचा त्यांचा असतो; त्या केबिनेटमध्ये बाजारातला बोर्ड बसवायचा बेत आखण्याआधी कनेक्टर आणि स्क्रूची भोकं बघा. लेनोवोच्या काही मशीनमधले रायझन प्रो प्रोसेसर तर त्या कंपनीच्याच बोर्डाशी कायमचे बांधलेले असतात. असा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर उठतच नाही, आणि सेकंड हॅण्ड बाजारात तो विकला जातोच.

आमचं एक मत काहींना टोचेल, तरी सांगतो. २०११च्या एच६१ चिपसेटवरचे ‘नवे’ बोर्ड, एनव्हीएमईचा स्लॉट चिकटवून, तिसऱ्या जनरेशनच्या आय५सकट ‘अपग्रेड’ म्हणून विकणं थांबवायला हवं. वजनकाट्याचा मेलेला बोर्ड बदलून जुनं विंडोज तसंच चालू ठेवायचं असेल तर त्याचा उपयोग आहे, आणि ते गिऱ्हाईकाला सांगून करावं. विंडोज ११ हवं म्हणणाऱ्याला तो खपवणं ही फसवणूक आहे, कारण मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो प्रोसेसर नाही.

सहाव्या-सातव्या जनरेशनवाल्याला खरा सल्ला दोनपैकी एक असतो. काम टायपिंगचं आणि टॅलीचं असेल तर एसएसडी आणि ८ जीबी रॅम घाला आणि सुरक्षेचे विस्तारित अपडेट घ्या; घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहेत, हे बिलावर लिहून द्या. नाहीतर बोर्ड, प्रोसेसर आणि बहुतेक वेळा रॅम, तिन्ही एकदम बदला. बारावीसाठी डीडीआर४चा बोर्ड मिळतो, पण तो डीडीआर४चाच आहे ना हे बॉक्सवर पाहून घ्या. डीडीआर५च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ची पट्टी जात नाही. आणि बोर्ड बदलला की ब्रँडेड मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स त्या बोर्डाबरोबरच जातं, त्याचा खर्च वेगळा धरा.

या तपासणीचे पैसे घ्या. जॉब कार्डवर बोर्डाचं नाव, रिव्हिजन, बायोसची आवृत्ती, मागचे पोर्ट आणि एसएमपीएसचे वॅट लिहा, गिऱ्हाईकाची सही घ्या, आणि काम तुमच्याकडेच झालं तर ती रक्कम बिलातून वजा करा. काट्यावरच्या मशीन मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच पाहून ठेवा. गळीत सुरू झाल्यावर मालक मशीन अर्धा तासही बंद ठेवू देत नाही.