नारळ फोडला की ठेकेदार

आमच्या कामथडीला देहूरोड-सातारा हायवेच्या कडेला वडापावची गाडी लावायची म्हटली तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. फी वर्षाला शंभर रुपये, पण नोंदणी चुकत नाही. कीटकनाशकाचा डबा विकायला कृषी खात्याचा परवाना लागतो, शिवाय त्या विषयाचं शिक्षण. घरात वायरिंग करणाऱ्या ठेकेदाराला सरकारी लायसन लागतं. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट गिऱ्हाइकाला दाखवून दलाली खाणाऱ्यालाही महारेराने 2023 पासून परीक्षेला बसवलंय. आणि ज्या छपराखाली ही सगळी मंडळी रात्री झोपणार, ते छप्पर घालणाऱ्याला काय लागतं? एक नारळ, अगरबत्तीचा पुडा, भाड्याचा मिक्सर आणि मोबाईलमध्ये दुसऱ्याच कुणाच्या तरी बंगल्याचे चार फोटो. झाला ठेकेदार.

खासगी घर बांधून देणाऱ्या माणसाला या राज्यात कसलाही परवाना लागत नाही. परीक्षा नाही, नोंदवही नाही, अनामत नाही. उलट त्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या बाईला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवायचं असेल, तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणावा लागतो. तो दाखला द्यायचा कुणी? ग्रामसेवकाने, नाहीतर ठेकेदाराने. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचा एक कागद नाही, तो दुसऱ्याला 'ही खरी कामगार आहे' असं लिहून देणार आणि सरकार ते ग्राह्य धरणार.

मी डिप्लोमा सिव्हिल. नसरापूरला एक टेबल आणि तीन खुर्च्यांचं माझं ऑफिस आहे. नकाशे काढतो, परवानगीच्या फायली करतो, कुणी बोलावलंच तर साइटवर जातो. 'स्वतःचा धंदा वाढावा म्हणून हा बोंबलतोय' असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. माझी फी वाचवणारे लोक नंतर वॉटरप्रूफिंगवाल्याला किती देतात, ते मला माहीत आहे.

या पट्ट्यात काय चाललंय ते आधी बघा. खेड शिवापूरपासून सारोळ्यापर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना गुंठ्यांचे प्लॉट पडलेत. जमीन विकल्याचे पैसे, शिरवळच्या कंपनीतला पगार, मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या तात्यांचा फंड, हे सगळं आरसीसीच्या घरात जातंय. जुनी मातीची कौलारू घरं पडली, स्लॅब आले. आणि आता त्या स्लॅबांवर बघा. दोन-तीन वर्षांच्या नव्याकोऱ्या घरावर लोखंडी अँगल आणि वर निळा पत्रा. पाहुण्यांना सांगतात, वाळवणाला आणि लग्नकार्याला सावली केलीय. खरं कारण वेगळं असतं. स्लॅब गळतो. भोरच्या पावसात चांगला स्लॅबही परीक्षेला बसतो, हे तर पहिल्या सरीलाच नापास. लाखो रुपये ओतून घातलेल्या छपरावर दुसरं छप्पर घालायची पाळी येते आणि कुणालाच त्याची लाज वाटत नाही.

स्लॅब का गळतो ते कामथडीतल्याच एका साइटवर उभं राहून पाहिलंय. भरणी सकाळी सुरू झालेली. मालक खुर्ची टाकून बसलेले, शेजारी पेढ्यांचा बॉक्स. मिक्सरच्या ड्रममध्ये पाण्याचा पाइप सरळ सोडून दिलेला, मोजमाप नाही. पन्नास किलोच्या गोणीला साधारण पंचवीस लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. इथे खडीचं सूप चाललं होतं. सळईखाली कव्हर ब्लॉक नव्हते. हाताला लागेल तो खडीचा तुकडा सरकवलेला, तोही निम्म्या ठिकाणी निसटलेला, त्यामुळे सळई थेट प्लायवर बसलेली. आधाराजवळची वरची सळई बिगाऱ्यांच्या पायांनी दबून खाली गेलेली. व्हायब्रेटर होता, पण टेंपोत. नीडल बिघडलीय म्हणे. मी पाइप बंद करायला सांगितलं तर ठेकेदार हसला.

"आवो सायेब, तुमचं पुस्तक हापिसात ठिवा. माल पळाला पायजे."

माल पळाला. पुढच्या महिन्यात ठेकेदारही पळाला. भिंती निम्म्यावर, पैसे निम्म्याहून जास्त दिलेले, फोन बंद. माणूस काही परागंदा झाला नव्हता. चार कोसांवर दुसऱ्याच्या घराचा नारळ फोडत होता. तिथल्या उचलीतून आधीच्या साइटची उधारी भागवायची आणि पुढच्या उचलीतून इथली, हा याचा व्यवसाय. बांधकाम हे निमित्त. मालकांकडे पुरावा काय होता? दोनशे पानी वहीत तारखा आणि आकडे, दोन ठिकाणी सही, बाकी सगळं 'आपलाच माणूस आहे' या भरवशावर.

इथे मला आपल्याच लोकांना चार शब्द सुनवायचे आहेत. म्हैस घ्यायला गेलात तर दोन वेळची धार स्वतः काढून बघता. घर बांधायला दिलंत, तेव्हा त्या माणसाने आधी बांधलेल्या एका तरी घरात पावसाळ्यात जाऊन छताकडे मान वर केलीत का? पहिला प्रश्न काय, तर फुटाला काय घेणार. दुसऱ्यापेक्षा पन्नास रुपये कमी म्हणाला की तो आपला. ते पन्नास रुपये तो कुठून काढणार, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. सिमेंटातून काढतो, रिंगांच्या अंतरातून काढतो, क्युरिंगला पाणी मारणाऱ्या माणसाच्या हजेरीतून काढतो. मग भावकी आडवी येते. चुलत्याच्या साडूचा मुलगा आहे, कागद कसा करायचा, वाईट दिसतं. गळकं घर चांगलं दिसतं का?

सरकारला हे कळत नाही असंही नाही. डिसेंबर 2020 पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली राज्यात लागू झाली, तिच्यात आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर अशा प्रत्येकाची पात्रता आणि जबाबदारी लिहिली आहे. वास्तुविशारदांसाठी तर 1972 पासून वेगळा कायदा आहे. कागदावर रेघ मारणारा पकडला जातो, जमिनीवर खड्डा मारणारा मोकळा. रेराही इथे उपयोगी नाही. तो इमारत बांधून विकणाऱ्या बिल्डरसाठी. तुम्ही स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायला दिलंत की तुम्ही आणि तुमचं नशीब. घरकुल योजनेची गंमत आणखी वेगळी. तिथे नियमच असा की लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही. योजना आखणाऱ्यांनाही या जमातीची पुरेपूर ओळख होती, असाच याचा अर्थ. त्याच योजनेत गवंड्यांना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र द्यायची सोय केली. गवंडी प्रमाणित, गवंड्यावर हुकूम सोडणारा अंगठेबहाद्दर!

कुणी म्हणेल, ग्राहक आयोगात जा. जा की. घरबांधणी ही सेवाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 सालीच सांगून ठेवलंय आणि 2019 च्या कायद्यातही ते लिहिलेलं आहे. पण आयोगाला करार दाखवा, पावत्या दाखवा. पैसे रोख, बोलणं तोंडी आणि साक्षीला चुलत्याचा साडू.

बरं, जिथे लायसन लागतं तिथे तरी काय दिवे लागलेत? सार्वजनिक बांधकाम खात्याकडे ठेकेदारांची वर्गवार नोंदणी असते. बँकेचा पत दाखला, आधीच्या कामांचे दाखले, यंत्रसामग्री, सगळं जोडावं लागतं. ऐकायला झकास. प्रत्यक्षात लायसन एकाचं, टेंडर त्याच्या नावाने, काम तिसऱ्याच्या ट्रॅक्टरने आणि राबणारे चौथ्याने आणलेले. प्रत्येक पायरीला टक्केवारी गळते. त्यात टेंडर आधीच 'बिलो', म्हणजे अंदाजित खर्चाच्याही खाली भरलेलं. शेवटच्या माणसाच्या हातात जी रक्कम उरते, तिच्यात रस्ता होत नाही, रस्त्याचा रंग होतो. एमबीत, म्हणजे सरकारी मोजमाप वहीत, मात्र थर पूर्ण जाडीचा.

लायसन दुसऱ्याचं का, यालाही कारण आहे. ग्रामपंचायत कायद्याचं कलम 14 सांगतं की पंचायतीच्या कामात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तो सदस्य राहू शकत नाही. कायदा उत्तम. त्यामुळे महाराष्ट्रभर मेहुण्यांना फार महत्त्व आलं. मजुरांची ठेकेदाराच्या तावडीतून सुटका व्हावी म्हणून मजूर सहकारी संस्थांना कामं राखून ठेवली, तर ठेकेदारच मजूर झाले. विधान परिषदेच्या एका विरोधी पक्षनेत्याला सहकार खात्याने 2022 मध्ये मजूर म्हणून अपात्र ठरवलं. तोवर ते मजूर होते, हा त्यातला भाग मला जास्त आवडतो.

आणि या साखळीत मरतो कोण? जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनची कामं केली होती, बिलं थकली होती, असं घरच्यांचं म्हणणं. सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर काम नव्हतं, तो उपठेकेदार असेल. नियमाने उत्तर बरोबरही असेल. पण पाइप कुणी टाकले हे गावाला दिसतं, तालुक्याला दिसतं, फक्त बिल काढणाऱ्या टेबलाला दिसत नाही. नोंदीतला माणूस आणि खड्ड्यातला माणूस वेगळे ठेवायचे, काम करून घ्यायचं आणि अंगाशी आलं की हात वर करायचे, ही सोय कुणाची?

मालवणचं तर अख्ख्या देशाने पाहिलं. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा 35 फुटी पुतळा, अनावरण 4 डिसेंबर 2023 ला, कोसळला 26 ऑगस्ट 2024 ला. नऊ महिनेही झाले नव्हते. ज्याला काम दिलं त्याला एवढ्या उंचीच्या कामाचा अनुभव काय, हा प्रश्न पुतळा पडल्यावर विचारला गेला. महाराजांच्या पुतळ्याचा ठेका देताना जर ही तपासणी, तर कामथडीतल्या तात्यांच्या वन बीएचकेचं काय घेऊन बसलात!

फार लांब जायलाही नको. आमच्या दारावरून जाणारा हायवे घ्या. देहूरोड ते सातारा 140 किलोमीटर सहापदरी करायचं कंत्राट 2010 मध्ये सुरू झालं. काम मार्च 2013 पर्यंत पुरं व्हायचं होतं. टोल ऑक्टोबर 2010 पासूनच. 2013 उलटून कैक वर्षं गेली तरी पूल अर्धवट, सेवा रस्ते अर्धवट, खेड शिवापूरचा टोल मात्र अखंड. आधी पैसे, मग काम, जमलं तर. गावच्या ठेकेदाराला नावं ठेवताना हेही ध्यानात घ्यायला हवं की त्याच्या डोळ्यांसमोर धडा कुणाचा होता.

माझ्या ऑफिसात येणाऱ्या एका कुटुंबाचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तिकडचे नियम मी मुद्दाम वाचले. घरकामाचा ठेकेदार व्हायला चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि 25,000 डॉलरचा बाँड लागतो. घरदुरुस्तीत उचल घ्यायची तर कामाच्या दहा टक्के किंवा 1,000 डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढीच. सगळ्यांत गोड कलम असं की लायसन नसलेल्याने काम केलं तर मालकाकडून पैसे वसूल करायला त्याला कोर्टातही जाता येत नाही. ठेकेदाराचं नाव टाकून त्याच्या लायसनची स्थिती कुणीही बघू शकतो. तिकडे फसवणूक होत नाही असं नाही. पण फसवणाऱ्याला नाव-पत्ता असतो.

आता तुम्ही म्हणाल, इथे लायसन काढलं की दारात एजंट बसेल. बरोबर आहे. आरटीओत गाडी न शिवता लायसन मिळवलेले महाभाग मलाही माहीत आहेत. म्हणून मी नव्या खिडकीची मागणीच करत नाही. घराच्या परवानगीच्या फायलीत माझी सही असते, मालकाची असते. तिसरी सही ठेकेदाराची घ्या, ओळखपत्रासकट. साइटवर त्याच्या नावाचा बोर्ड लावा, ज्याने पळ काढला त्याचं नाव पंचायतीच्या फलकावर. याला पैसा लागत नाही, जीआरची वाट बघावी लागत नाही, ग्रामसभेचा ठराव सुरुवातीला पुरेल. बड्या मंडळींना हे आवडणार नाही. विषय 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकलला जाईल आणि तोपर्यंत चहा आलेला असेल.

तोवर निदान खिसा तरी आपल्या हातात ठेवा. उचल दहा टक्क्यांच्या वर नाही. जोत्याला इतके, स्लॅबला इतके, प्लास्टरला इतके, हे साध्या कागदावर का होईना, पण दोघांच्या सहीने. सरकारी कामात बिलातून सुरक्षा ठेव कापतात आणि दोष दायित्वाचा काळ संपेपर्यंत अडकवून ठेवतात. ती एक गोष्ट सरकारकडून उचलण्यासारखी आहे. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा गेल्यावर द्यायचे. हे सांगितलं की ठेकेदार छातीला हात लावतो आणि सगळ्या भावकीदेखत विचारतो, "आमच्यावर इस्वास न्हाय व्हय, तात्या?"

न्हाय म्हणायचं. तोंडावर. आणि त्याच्यासमोरच दुसऱ्याला फोन लावायचा.