वेदनेची विषम वाटणी

यवत परिसरात उसाच्या फडात किंवा गुऱ्हाळावर राबणारी स्त्री बाळंत होते, तेव्हा तिच्या वेणांविषयी आपला समाज काय म्हणतो? ‘गावाकडच्या बायका काटक असतात, सोसल्यावाचून का आईपण येते?’ असे बोलणारे प्रतिष्ठित गृहस्थ दाढ काढविताना मात्र हिरडी बधिर करून घ्यावयास विसरत नाहीत!

सोसण्याचा हा गौरव म्हणजे अन्यायाला चढविलेला सोज्ज्वळ मुलामा होय. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८५३ मध्ये प्रसूतिसमयी क्लोरोफॉर्म घेतले. तिच्या मातृत्वाला त्यामुळे उणेपणा आला नाही. मग तो मजूर स्त्रीच्याच मातृत्वाला का यावा?

विज्ञानाची साक्ष स्पष्ट आहे. प्युडेंडल मज्जातंतूजवळ दोन्ही बाजूंस लिग्नोकेन टोचल्यास मूल बाहेर येतानाची वेदना कमी होते. गर्भाशयाच्या कळा मात्र त्याने शमत नाहीत. गर्भाशयमुखालगत टोचल्यास कळा सुसह्य होतात, परंतु बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका असतो. अशा स्थानिक भुलीने अफूजन्य औषधांपेक्षा अधिक आराम पडतो, असा कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. पाठीच्या कण्यातून दिली जाणारी एपिड्युरल भूल याहून प्रभावी; निरोगी स्त्रीने मागितल्यास ती द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचविले.

‘खेड्यात भूलतज्ज्ञ कोठून आणावयाचे?’ हा प्रश्न एपिड्युरलपुरता रास्त आहे. परंतु टाके घालण्यापूर्वी जागा बधिर करावयास किंवा प्युडेंडल इंजेक्शन द्यावयास भूलतज्ज्ञ लागत नाही. प्रशिक्षित डॉक्टर पुरतो. आणि लिग्नोकेन हे काही दुर्मिळ वा महागडे औषध नव्हे. उणीव आहे ती इच्छाशक्तीची.

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे व सिझेरियन मोफत केले. हे स्वागतार्हच होते. पण नैसर्गिक प्रसूतीतील वेदनाशमन हा हक्क म्हणून त्यात नोंदला गेला नाही. म्हणजे ज्याच्या गाठी पैसा, त्याच्याच घरच्या स्त्रीला आराम!

म्हणूनच कार्यकर्त्यांनी यवतच्या ग्रामीण रुग्णालयापासून ही मागणी लावून धरावी: बधिर केल्याविना एकही टाका घातला जाऊ नये, डॉक्टरांना प्युडेंडल भुलीचे प्रशिक्षण मिळावे, तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ असावा, आणि गुणदोष समजावून घेऊन भूल स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा निर्णय त्या स्त्रीचाच असावा. भाकरीच्या लढ्याहून हा लढा वेगळा नाही. श्रमिक स्त्रीच्या देहाची वेदना क्षुद्र लेखणारी व्यवस्था तिच्या श्रमाचे मोल तरी काय करणार?